खडखड्याचा गोल

प्राणी अजून एकमेकांशी धड बोलत असत, तेव्हाची गोष्ट. माळावर दरवर्षी सगळ्या रानाची फुटबॉलची स्पर्धा भरे, आणि खडखड्या नावाचं साळिंदर दरवर्षी वारुळामागे बसून ती नुसती बघे. त्याचे पाय शिवशिवत. पण कप्तान सांबरदादा म्हणे, “तू लांबच बरा, बाबा! तुझा एक काटा लागला की चेंडूचं फुस्स!”

यंदा पहिल्याच उडीत चेंडू फुटला. फोडला खुद्द सांबरदादानं, स्वतःच्या शिंगानं! आता स्पर्धा बुडणार म्हणून सगळे माना खाली घालून बसले. तेवढ्यात सुगरण पक्षीण म्हणाली, “रडता कशाला? गवत आणा!” आणि बघता बघता तिनं कितीही टोचलं तरी न फुटणारा चेंडू विणला.

“मग मी येऊ?” खडखड्यानं विचारलं. आता नाही कोण म्हणणार?

खडखड्या धावला, घसरला, कोलांटी खाऊन उठला, तर चेंडू गायब! “चेंडू कुठाय? चेंडू कुठाय?” ओरडत तो माळभर पळाला. चेंडू त्याच्याच पाठीवर, काट्यांत रुतलेला! काखेत कळसा नि गावाला वळसा! मागून दोन्ही संघ हसत, धडपडत, लोळत धावले. शोधता शोधता स्वारी चेंडूसकट थेट समोरच्यांच्या गोलात शिरली.

“गोऽऽल!” सुगरण किंचाळली.

सांबरदादा हसून हसून आडवा झाला. मग उठून हळूच सुगरणीजवळ गेला.

“ताई, पुढचा चेंडू जरा सैल विणशील? माझ्याही शिंगात अडकला पाहिजे.”