हसू नये, असा हुकूम

"हसवल्याशिवाय लोक बसत नाहीत म्हणतोस? बसतील! न हसता बसतील!" कुरणगडचे राजे भूपालसिंह गरजले आणि भर दरबारात धोंडू सोंगाड्याची मान खाली गेली.

झालं होतं ते असं. महाराजांनी स्वतःच्या पराक्रमावर स्वतःच सात अंकी नाटक लिहिलं होतं. पहिल्याच खेळाला दुसऱ्या अंकापासून लोक उठून जायला लागले. बिचाऱ्या धोंडूने घोडेवाल्याच्या सोंगात दोन वाक्यं पदरची टाकली. लोक खदखदून हसले आणि परत येऊन बसले. पण लोक बसले हे महाराजांना दिसलंच नाही. हसले तेवढं दिसलं!

"हास्य म्हणजे उथळपणा, महाराज!" राजपंडित विश्वंभरशास्त्री म्हणाले. "थोर साहित्य कानी पडताच कपाळाला आठी पडली पाहिजे!"

शास्त्रीबुवांनी जन्मभर आठ्याच तर कमावल्या होत्या. दरबारातल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. जे कळलं नाही त्याला मान डोलावण्यात त्यांचा हात कोण धरणार!

महाराजांनी हुकूम सोडला, "आठ दिवसांनी हेच नाटक पुन्हा होईल. धोंडू रंगमंचावर पाऊल टाकणार नाही. माझ्या लेखणीतला एक शब्द बदलायचा नाही, एक वाढवायचा नाही. कोणी उठता कामा नये आणि कोणी हसताही कामा नये! एक जरी माणूस उठला, तर तुझा अख्खा फड राज्याच्या सीमेपार!"

धोंडू घरी आला तो सरळ गाठोडी बांधायलाच बसला.

"आबा, ठेवा ती गाठोडी," त्याची लेक येसू म्हणाली. नटांकडून संवाद घोकून घेणं हे तिचं काम. त्यामुळे ते नाटक शेवटपर्यंत जागेपणी वाचलेली राज्यात ती एकटीच होती. "नाटक पडलं ते तुमच्यामुळे नाही. ते उभं तरी कधी होतं?"

"येसे, हळू बोल! भिंतींनाही कान असतात."

"असू देत. सातवा अंक त्यांनीही ऐकलाय, त्या माझ्याच बाजूने बोलतील!"

दुसऱ्या दिवशी येसू दरबारात उभी राहिली. "महाराज, अट मंजूर. पण एक अडचण आहे. प्रजा अडाणी. कुठे हसायचं नाही हे तिला कळणार कसं? आपणच जागा सांगाव्यात. मी लिहून घेते, दवंडीवाला प्रत्येक अंकाआधी वाचून दाखवेल. आपलेच शब्द, आपलाच शिक्का!"

"वा! पोर बापापेक्षा शहाणी आहे!" महाराज खूश झाले आणि तिथल्या तिथे सांगू लागले. शास्त्रीबुवांनीही मधे मधे भर घातली. येसूने मान वर न करता सगळं उतरवलं आणि खाली शिक्का मारून घेतला.

खेळाच्या दिवशी सकाळीच राजवाड्यापुढचं मैदान भरलं. दवंडीवाल्याने डफावर थाप मारली.

"ऐका हो ऐका! पहिल्या अंकात महाराज घोड्यावर उलट्या तोंडाने बसतात. ते शत्रूला फसवण्यासाठी! कोणी हसू नये!"

मैदानात चुळबुळ झाली. उलटे बसतात? बघायलाच हवं! मागे उभे होते ते पुढे सरकले.

"ऐका हो ऐका! दुसऱ्या अंकात महाराज चिखलात तोंडावर पडतात. पडत नाहीत, भूमातेला वंदन करतात! कोणी हसू नये!"

बायकांनी पदर तोंडात कोंबले. एका म्हातारबुवांनी स्वतःच्या मिशा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. आणि उठायचं? छे! पाणी प्यायलासुद्धा कोणी उठेना. उठलो आणि पुढची जागा चुकली तर?

"चौथ्या अंकात महाराजांचं गाणं ऐकून शत्रू पळून जातो. तो पराक्रमाने पळतो, सुराने नव्हे! आणि त्यानंतर शास्त्रीबुवांचा आशीर्वादाचा श्लोक चौऱ्याहत्तर ओळींचा आहे. कोणी हसू नये! कोणी ओळी मोजूही नयेत!"

नटाने गाण्याची पहिली तान घेतली. महाराजांनी अभिमानाने बाजूला पाहिलं. शेजारी सेनापती पागोट्याचं टोक दातांत धरून बसले होते. चेहरा लालबुंद, गाल फुगलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी! महाराजांनी ओठ आवळले. नाकातून फुर्रकन आवाज आला. आणि मग ते जे फुटले, ते मांडीवर थापा मारत, खोकत, आसनावरून घसरेपर्यंत!

राजा हसला म्हटल्यावर मैदान थोडंच थांबतंय! अख्खी प्रजा लोळली. रंगमंचावरचा शत्रू पळायचं विसरून पोट धरून बसला.

"घात झाला!" शास्त्रीबुवा ओरडले. "फडाने विनोद घुसवला! हाकला यांना!"

महाराजांनी डोळे पुसले, चेहरा मोठ्या कष्टाने कडक केला. "येसू! विनोद कोणी घातला?"

येसूने शिक्क्याचा कागद पुढे धरला. "वाचून पाहा, महाराज. यात माझं एक अक्षर नाही. हसवणाऱ्याला सीमेपार करायचं, तर सिंहासन रिकामं होतं. सगळ्यात आधी हसला त्याला करायचं, तरी सिंहासनच रिकामं होतं! आम्हाला हाकलायचं, तर उठून गेलेला एक माणूस दाखवा."

महाराजांनी कागद पाहिला, येसूकडे पाहिलं, आणि पुन्हा असे हसले की या वेळी मुकुटच खाली पडला!

"हरलो, पोरी! धोंडूला बोलवा, आजपासून रंगमंच त्याचा!" त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या हातात ठेवला. "आता तुला आणखी काय हवं ते माग!"

"सात अंकांतले पाच कापायची परवानगी द्या, महाराज."

"पाच?" महाराज दचकले. "दोन काप!"

"चार."

"तीन! माझ्या पराक्रमाची थोडी तरी लाज राख!"

"तिच्यासाठीच तर चार म्हणतेय!"

हसून हसून महाराजांना पुढे बोलताच येईना. त्यांनी नुसता हात हलवून होकार दिला आणि शास्त्रीबुवांना कात्री आणायला पिटाळलं.