दुसरी कातर

"मग दोष कुणाचा, मामा? मेंढरं माझी, लोकर माझी, कातर माझी... आन सूत तुटतंय!"

मायाप्पानं सुताचा गुंडा म्हाताऱ्यापुढं टाकला. जागोजागी तुटलेलं, गाठी मारून जोडलेलं सूत. 'हे मागावर तगायचं नाही' म्हणून विणकरानं ते परत पाठवलं होतं.

धुळामामांनी गुंडा हातात घेतला, पाहिला, बाजूला ठेवला. मायाप्पाला पोरवयात कातर धरायला त्यांनीच शिकवलं होतं. पुढं आपली लेक यल्लूही त्यालाच दिली. गेल्या आषाढात यल्लू गेली आणि तेव्हापासून सासरा-जावई आपापल्या माळावर एकेकटेच.

"महिन्यावर पोरीचं लगीन आलंय," मायाप्पा म्हणाला. "आमच्यात नवरी घरच्या लोकरीच्या घोंगडीवर बसती. शेजारी आई तर न्हायच. निदान घोंगडी तरी नको का तिला?"

"सूत काढलं कुणी?"

"तीन बायकांनी. एकीचाबी हात धड न्हाय. यल्लूच्या हातात कधी तुटलं न्हाय, मामा... कधीच न्हाय."

"हं." मामा उठले. "ती मेंढी घे."

ओढ्यात धुऊन वाळवलेली एक काळी मेंढी खुंट्याला बांधली होती. मायाप्पा तिला मांडीशी घेऊन बसला आणि त्यानं कातर चालवली.

आता खरं ते सांगायला हवं. गड्याचा हात बघत राहावा असाच होता. मेंढीच्या अंगावर एक ओरखडा नाही, तिनं एकदा हू की चू केलं नाही. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊकही होतं!

लोकर उतरली. मेंढीच्या अंगावर मधेमधे बारीक पट्टे उरले होते. मायाप्पानं त्यावरून पुन्हा कातर फिरवली. मेंढी अगदी गुळगुळीत झाली.

"बघा. हाय का कुठं खोट?"

"मेंढी झ्याक दिसतीया," मामा म्हणाले आणि त्यांनी मेंढी सोडून दिली.

मग डोक्याचा पांढरा पटका सोडून त्यांनी तो जमिनीवर अंथरला.

"लोकर झटक यावर."

मायाप्पानं झटकली. पटक्यावर काळे तुकडे पडले. नखाएवढे. पुन्हा झटकली, आणखी पडले.

मामांनी चिमूटभर तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले.

"पीळ दे."

मायाप्पानं पीळ दिला. तुकडे एकमेकांना धरेनात. बोटांतून गळून पडले.

"हे... हे कुठनं आलं?"

"दुसऱ्यांदा कातर फिरवलीस तिथनं. लांब केस पहिल्या कापातच येतो. मागं उरतं ते अंगावर राहू द्यायचं असतं. तू मेंढी देखणी करत बसतोस, आन हे बारकं लोकरीत मिसळतं. सूत तिथंच तुटतं."

"पर मी आजवर असंच कातरलंय!"

"व्हय. पैल्या दिवसापासनं. लई ओरडलो तुला. तू कुठला ऐकतोस?"

"मग वीस वर्षं सूत कसं तुटलं न्हाय?"

मामांनी पटक्यावरचे तुकडे बोटानं एका बाजूला सारले.

मायाप्पा त्या बोटाकडं बघत राहिला आणि त्याला यल्लू आठवली.

कातरणीच्या दिवसांत यल्लू रोज संध्याकाळी उंबऱ्याजवळ लोकर मांडीवर घेऊन बसायची. तासन् तास. तो वैतागायचा. 'उवा बघतीस का काय त्यात?' असं हसून म्हणायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा.

त्यानं पटक्यावरचा एक तुकडा उचलला. मग दुसरा. मग लोकरीत बोटं घालून तिसरा शोधला. तो सापडायला बराच वेळ लागला.

"ती हे... निवडत बसायची?"

मामांनी मान डोलावली.

वर्षभर तो चारचौघांत धड रडला नव्हता. आता त्याला आवरेना.

"एकदाबी बोलली न्हाय, मामा... वीस वर्षांत एकदाबी न्हाय! का न्हाय बोलली?"

म्हातारा पटक्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. लोकर पुढ्यात ओढून तुकडे वेचू लागला. मग मान वर न करता म्हणाला,

"गावात कुणी तुझ्या हाताचं कौतुक केलं, की दोन कोस चालत यायची ती... मला सांगायला."