सारसाची मान

फार फार पूर्वी, पूर्वेच्या समुद्रातल्या जपान नावाच्या बेटावर लाखकाम करणारा एक म्हातारा कारागीर राहत असे. तिथली लाख झाडाच्या चिकाची. ती लाकडावर पातळ लावायची, दमट खोलीत वाळू द्यायची, कोळशाने घासायची आणि पुन्हा लावायची. होय, दमट खोलीतच. ती लाख उन्हात वाळत नाही. थरावर थर चढले की लाकडात तोंड दिसू लागतं.

म्हाताऱ्याचा हात विलक्षण होता. फक्त त्या हातावर त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता.

एकदा तिथल्या सरदाराने त्याला लेकीच्या लग्नासाठी खणाखणांचं कपाट करायला सांगितलं. ‘‘मुलीचे कपडे भरलेलं कपाट पुढे, मग तिची पालखी, हा आमच्या घराण्याचा रिवाज. कपाट नाही तर पालखी नाही. लक्षात ठेव!’’

म्हाताऱ्याने कपाट केलं. काळ्याभोर खणांवर सोन्याच्या भुकटीने उडणारे सारस काढले. बायको बघतच राहिली.

‘‘अहो, झालं की! द्या आता पाठवून.’’

‘‘त्या डावीकडच्या सारसाची मान जरा आखूड नाही वाटत?’’

‘‘त्याची त्याला पुरतेय. तुम्हाला काय करायचंय?’’

पण म्हाताऱ्याला चैन पडेना. त्याने कपाटावर काळा थर दिला आणि मान लांब काढली. ती फारच लांब वाटली. पुन्हा थर. मग उजवीकडचा सारस गर्विष्ठ दिसू लागला. पुन्हा थर.

‘‘सारसांना पिल्लं होतील, पिल्लांना पंख फुटतील,’’ बायको म्हणाली, ‘‘तरी तुमचं संपायचं नाही.’’

थर चढत गेले तशा खणांमधल्या फटी बारीक झाल्या आणि मग दिसेनाशाच झाल्या. म्हाताऱ्याला वाटलं, वा, काम किती सलग झालं! त्याने एका सारसाची मान वरपासून खालपर्यंत झोकात ओढली. तेवढ्यात लग्नाचा दिवस उजाडला आणि सरदाराची माणसं कपाट उचलून घेऊन गेली. म्हातारा चाकू आणि कुंचला घेऊन मागोमाग गेला; न जाणो, एखादं पीस राहिलं असलं तर!

कपाट पाहून पाहुणे थक्क झाले. नवरीच्या आत्याने कपडे ठेवायला खण ओढला. खण येईना, अख्खं कपाटच पुढे सरकलं. दोन पहिलवान बोलावले. एकाने कपाटाला मिठी मारली, दुसऱ्याने खण ओढला, आणि तो कडी हातात घेऊन उताणा पडला.

‘‘मी कपाट सांगितलं होतं!’’ सरदार गरजला. ‘‘हा ठोकळा कसला आणलास?’’ त्याचा हात तलवारीकडे गेला. वराकडची मंडळी पालखीजवळ कुजबुजू लागली.

म्हाताऱ्याने हात जोडले. ‘‘महाराज, दोन महिने द्या. सगळं खरवडून नवं काढतो.’’

आतून नवरीच बाहेर आली. ‘‘आजोबा, तोवर मी काय या ठोकळ्यावर बसून राहू? चाकू चालवा.’’

‘‘पण बाई, मान कापली जाईल!’’

‘‘सारसाचीच ना? जाऊ द्या. तुमची वाचेल.’’

म्हाताऱ्याने चाकू काढला. बोटांनी चाचपून दडलेली फट शोधली आणि त्या सुरेख मानेवरून चाकू ओढला. लाख कर्र वाजली. खण फट्‌कन बाहेर आला. लोकांनी एकच जल्लोष केला. मग बाकीचे खणही त्याने असेच मोकळे केले.

कपडे भरले, कपाट निघालं, पालखी हलली. म्हातारा कुंचला घेऊन मागे धावला. ‘‘थांबा हो! मान तरी जोडू द्या!’’ ते ऐकून भोई जिवाच्या आकांताने पळत सुटले.

सासरी ते कपाट रोज उघडलं आणि बंद झालं, आणि कापलेल्या मानेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. इकडे म्हातारा पुढेही काम करत राहिला; मात्र ते पुरं झालं की नाही, हे बायको ठरवू लागली.

तात्पर्य : जे काम करणाऱ्याच्या हातून सुटत नाही, ते कितीही देखणं असलं तरी अपुरंच असतं.