भागा कुंभारणीचे चार रिकामे दिवस

एका डोंगराच्या पायथ्याला कुंभारांची वस्ती होती. तिथे भागा नावाची कुंभारीण, तिचा नवरा हैबती आणि त्यांची एकुलती लेक चिंगी राहत. भट्टीच्या धुराने वस्तीतल्या चौघांना धाप लागलेली. त्यांत चिंगीही होती.

गावचे वैद्य आधी काळ्या मुळीचा काढा देत, अन् लगेच पिवळ्या मुळीचा. रोगी उठून बसे. पण त्या उन्हाळ्यात वैद्यच वारले. मागे दोन्ही मुळ्या थोड्या थोड्या उरल्या. पावसाला महिना होता. ओढा भरला की चार महिने डोंगर बंद. काळी मुळी एका कड्यावर, पिवळी पार दुसऱ्या. तेवढ्या दिवसांत एकच कडा खणून व्हायचा. चुकीची मुळी आणली, तर चिंगी पावसाळा काढायची नाही.

हैबतीने कुदळ उचलली. "पिवळीच आणतो. तिच्यावरच पोरीला आराम पडतो."

भागा म्हणाली, "अवं, पण त्याआधी काळी पोटात गेलेली असते ना? तेलाच्या मडक्यात पाणी भरलं, तर वास कशाचा येतो?"

हैबतीने कुदळ खाली ठेवली.

उरलेल्या मुळ्यांतून भागाने चौघा रोग्यांतल्या दोघांना आठ दिवस काळी दिली, दोघांना पिवळी. मग अंगातला अंमल उतरायला चार दिवस काहीच नाही. त्यानंतर अदलाबदल. रोज सकाळी प्रत्येकाने रिकामी घागर घेऊन विहिरीपासून चालत यायचं. वाटेत जितक्यांदा खाली बसेल, तितक्या रेघा भागा कोळशाने भिंतीवर ओढी.

चौघांतला थोरला दौलूआजा कुरकुरला, "मलाच आधी पिवळी का गं? गाढवाच्या मुतासारखी लागते!"

"आजा, ते चाखून बघितलंय व्हय तुम्ही?"

चिंगीला आधी काळी मिळाली होती. रिकाम्या दिवसांतला तिसरा दिवस उजाडला, अन् तिची छाती शीळ घालू लागली. डोळे पांढरे झाले. हैबती ओरडला, "आई हायस का कोण? दे तिला कायबी!"

भागाचा हात गाडग्यात गेला. मूठ मुळीवर आवळली. आत्ता दिली, तर पुन्हा काहीच कळायचं नाही, अन् सगळा पावसाळा समोर उभा. बाहेर आभाळ भरून येत होतं. तिने मूठ सोडली. लेकीला छातीशी टेकवून ती दिवसभर बसली. एक श्वास सुटला की पुढचा येतो का, तेवढंच ऐकत. अडला, तर देईन, असं मनाशी म्हणत.

श्वास येत राहिला. रात्री शीळ ओसरली.

मग अदलाबदल झाली. काळीवर चिंगीच्या रेघा कमी झाल्या होत्या; पिवळीवर एकही कमी झाली नाही. काळीवर गेलेला दौलूआजा चौथ्या दिवशी कुठेही न बसता घरी आला. उरलेल्या दोघांचंही तसंच. कुणी कशानेही सुरुवात केलेली असो, आराम काळीवरच पडला.

हैबती धावतच काळ्या मुळीच्या कड्यावर गेला. पोतं भरून खाली उतरला, अन् दुसऱ्याच दिवशी ओढ्याला लोंढा आला.

चौघंही पावसाळा तरून गेले. नवरात्र आलं, तेव्हा चिंगी स्वतः चाकावर बसली. त्या वर्षी अख्ख्या गावाच्या देव्हाऱ्यांत तिच्याच हातचे घट बसले.

तात्पर्य: दोन उपायांतला खरा कोणता हे जाणायचं, तर पहिल्याचा अंमल उतरू द्यावा आणि क्रम उलटवूनही पाहावा; भिऊन घाई केली, तर गुण एकाचा असतो आणि विश्वास भलत्यावरच बसतो.