घंटा, देवदूत आणि शेळी

फार पूर्वी, अख्ख्या गावात एकट्या पाळकसाहेबांकडे घड्याळ होतं आणि तेही बंद होतं, तेव्हाची गोष्ट. गाव ख्रिस्ती. देवळाच्या अंगणातली घंटा वाजली की माणसं उपासनेला यायची, नाही वाजली तर घरी बसायची. घंटा वाजवायला एक मावशी होती.

ईस्टरच्या पहाटे मावशीला नेमकी झोप लागली. घंटा मात्र वाजली. लोक धावत आले तर दोराजवळ कोणीच नाही.

"देवदूतानं वाजवली," देवळाचे पंच म्हणाले. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशी केस बांधत सगळ्यांच्या मागून पोचली. देवळामागं तिची शेळी दोराचा तुकडा चघळत उभी होती.

मावशी लगेच सांगणार होती. पण गाव एकदम चांगलं वागायला लागलं. बांधावरून भांडणारे भाऊ एका ताटात जेवले. मावशीच्या दारुड्या भावानं तर त्या दिवसापासून बाटलीला हात लावला नाही. मावशीला काही कळेना. खोट्यातून इतकं चांगलं निघतंय कसं? आणि निघतंय तर मध्येच आपण शेळी कुठं आणायची?

तेवढ्यात पंचांनी ठरवलं, यापुढं घंटेला माणसाचा हात लागायचा नाही.

मावशीनं भावजयीला खरं काय ते सांगितलं. भावजय म्हणाली, "वन्सं, मला बोललात ते बोललात. बाहेर नको. हे परत गुत्त्यावर जातील."

"मग शेळीचं काम देवदूताच्या नावावर खपवायचं?"

"शेळी पण देवानंच केली ना."



शुक्रवारच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ आली. मावशी उठली. "त्या पहाटे मी झोपले होते. घंटा माझ्या शेळीनं वाजवली."

कोणी हसलंसुद्धा नाही. मोठे पंच म्हणाले, "मावशी, तुझा विश्वास कमी पडतोय."

"विश्वास आहे, दादा. शेळी पण आहे."

बाकावरच्या बायका सरकून बसल्या. गावात भेटलं की एकमेकांना सलाम म्हणायची रीत, पण तिला कोणी म्हणेना. भावजयीनं तोंड फिरवलं.

रविवारी गाव न्हाऊनधुऊन, मांडीवर बायबल घेऊन, देवदूताच्या घंटेची वाट बघत घराघरात बसलं. पाळकसाहेबही बसले. घंटा वाजेना. ऊन डोक्यावर आलं. देवळाच्या पायरीवर मावशी तेवढी आली होती.

थोड्या वेळानं भाऊ आला. मावशीनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता.

"ताई, त्या पहाटे मी इथंच पडलो होतो," तो म्हणाला. "शेळी घंटा वाजवताना दिसली. म्हटलं, फार झाली, आपलं डोकं गेलं. म्हणून दारू सोडली."

मावशीनं विचारलं, "मग आता? परत पिणार?"

"वेडा झालो या भीतीनं मला झोप नव्हती गं. तू बोललीस तेव्हा कळलं, डोकं शाबूत आहे. आता शाबूत आहे तर घालवू कशाला?"

मावशीनं उठून दोर धरला आणि घंटा वाजवली. गाव पळत आलं.

"कोणी वाजवली?" पंचांनी विचारलं.

"मी," मावशी म्हणाली.

"आणि ईस्टरला शेळीनं," भाऊ म्हणाला. "मी शुद्धीत सांगतोय."

भावजयीनं नवऱ्याकडं बघितलं, मग पुढं आली. "सलाम, वन्सं."

बाकीचे अजून विचार करतायत.

तात्पर्य: खरं बोललं की बाक रिकामा होतो. तरी बोलावं. त्या बोलण्याची कोणाला गरज होती, ते बोलल्याशिवाय कळत नाही.