देठावरच्या डोळ्यांची मोजणी

दोन्ही हात बाजूला सरळ पसरा. आता असं समजा की तुमचे डोळे चेहऱ्यावर नाहीत, बोटांच्या टोकांवर आहेत. एक पार उजवीकडे, एक पार डावीकडे. शेजारच्याला लागत असेल तर थोडं सरका. जमलं? तुम्ही देठडोळ्या माश्यांच्या राज्याचे नागरिक झालात. कागदपत्रं नंतर बघू.

हे राज्य एका ओढ्याच्या काठावर होतं. काठाची माती ढासळून झाडांची बारीक मुळं बाहेर लोंबत आणि त्यांच्यावर पाण्याचे तुषार उडत. दिवस कलला की सगळ्या माश्या तिथे येऊन बसत. माशीला ओल लागतेच, नाहीतर ती हळूहळू वाळत जाते. कोणती मुळी कुणाची, हे कुणी विचारत नसे.

निवडणूक सोपी होती. दोन उमेदवार कपाळाला कपाळ लावून उभे राहत. ज्याचे डोळे दुसऱ्याच्या डोळ्यांच्या पलीकडे जात, तो जिंकला. भाषण जिंकल्यावर होई, त्यामुळे आधी वचनं देण्याची वेळ येत नसे.

त्या वर्षी अंतरराव जिंकले. म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, माझी नजर दोन्ही तीरांवर एकाच वेळी पोचते. असा नेता सत्तर पावसाळ्यांत झाला नाही." सगळ्यांनी "रुंद नजर, गार मुळी" अशी घोषणा दिली.

आठवड्याभरात वर्गवारीचा हुकूम निघाला. लांब देठांचा पहिला वर्ग, मध्यम देठांचा दुसरा, आखूड देठांचा तिसरा. मुळं पहिल्या वर्गाला, पानं दुसऱ्याला, पानांच्या कडा तिसऱ्याला. मोजणी अधिकारी टोकेकर प्रत्येकाच्या कपाळाला स्वतःचं कपाळ लावून मोजत. कुणी त्यांच्यापेक्षा रुंद निघालाच, तर तो अरुंद भरेपर्यंत पुन्हा मोजत. अंतररावांना तेवढं मोजलं नाही.

पण राज्यात काही माश्यांना देठच नव्हते. पंख तेच, पाय तेच, फक्त डोळे डोक्यालाच चिकटलेले. या कोण, हे ठरवायला समिती बसली. अकरा बैठकांनंतर अहवाल आला: "या आपल्या कुळातल्या आहेत, पण आपल्या नाहीत." त्यांना वरच्या कोरड्या खडकावर पाठवलं.

मग कोणती माशी कुठे आढळते, याचा नकाशा करायचा ठरला. टोकेकर फिरले आणि जिथे जी दिसली तिथे तिचा ठिपका मारत गेले. बिनदेठ्या माश्या सगळ्या खडकावर आढळल्या. टोकेकरांनी नकाशाखाली लिहिलं, "बिनदेठ्यांचं मूळ वसतिस्थान खडक. यांना ओल मानवत नाही." ते शाळेत पाठ करून घेतलं गेलं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला वर चढायचं होतं. आता, कोशातून बाहेर पडलेली माशी हवा गिळून डोक्यात भरते, त्या हवेने तिचे देठ बाहेर येतात आणि थोड्या वेळात कडक होतात. पुढे आयुष्यभर त्यांत बदल होत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सरकारने प्रौढांसाठी देठवृद्धी शिबिरं भरवली. तीन दिवस सगळ्यांनी हवा गिळली. पोटं फुगली, डोळे होते तिथेच राहिले. फुगलेली पोटं सुबत्तेचं लक्षण म्हणून पाहुण्यांना दाखवण्यात आली.

खडकावर ठिपी नावाची एक लहान माशी आईबरोबर राहत होती. दोघी बिनदेठ्या. आईच्या पंखांच्या कडा वाळून कुरकुरीत झाल्या, तेव्हा ठिपी टोकेकरांकडे गेली.

"काका, आई वाळतेय. तिला मुळीवर बसू द्या."

"बाळ, नकाशा बघ. तुम्ही खडकावर आढळता."

"तुम्हीच पाठवलंत ना तिथे?"

"पाठवलं हुकमाने. आढळलात तुम्ही आपणहून."

"मग दुसरीकडे आढळलो तर?"

टोकेकरांना हसू आलं. "तर तसं लिहावं लागेल. नियम आहे. परवाच नकाशाची फेरमोजणी आहे. पण तुला सांगून काय उपयोग?"

ठिपी परत आली. "आई, ऊठ. आपल्याला आढळायचंय."

"कुठे गं?"

"मुळीवर."

"अगं, हाकलून देतील."

"लिहून झाल्यावर देऊ देत."

आईला उडवत नव्हतं, म्हणून दोघी चालत निघाल्या. वाटेत भेटेल ती बिनदेठी विचारी आणि मागे येई. फेरमोजणीच्या दिवशी सगळ्या बिनदेठ्या मुळांवर बसल्या होत्या. सगळ्यांत ओली मुळी अंतररावांची. तिच्यावर ठिपीची आई होती. टोकेकर आले. नियमाने ठिपके मारले आणि नकाशा अंतररावांपुढे धरला.

"हे काय आहे?"

"वस्तुस्थिती, साहेब."

"मग ती दुरुस्त करा."

तासाभरात दवंडी पिटली गेली: तांत्रिक कारणांमुळे मोजणी बेमुदत पुढे ढकलली आहे, तोवर जुना नकाशाच खरा मानावा. शिपाई मुळं रिकामी करायला आले, पण जुन्या नकाशात मुळांवर एकही बिनदेठी नव्हती. नसलेल्यांना हाकलण्याचा हुकूम कुणाच्या नावाने काढायचा, हे विचारायला ते परत गेले. ते अजून विचारताहेत.

ठिपीने आईला आणखी थोडं ओलीकडे सरकवलं. मग सरकारी मोजणी बंद होती म्हणून ती स्वतःच मुळांवरच्या सगळ्यांना मोजायला लागली. आईपासून.