बॉयलरचा नंबर

“मग लाइनच जास्त वेगाची टाकली तर, चाचा?”

मुजावरचाचांनी कंट्रोल रूमच्या कोपऱ्यातली शेगडी पेटवली. चहासाठी दुधाचं पातेलं तिच्यावर ठेवलं.

दूध पावडरच्या त्या कारखान्यातले चाचा सर्वांत जुने मेकॅनिक. विचारणारा निशिकांत डोईफोडे, नवा इंजिनिअर. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधी न विसरणारा. त्याने साडेतीनशे यंत्रं खबर वाहून नेणाऱ्या एकाच लाइनवर जोडली होती. कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर ओळीने एकेकाला खुशाली विचारायचा, दिवसरात्र. गेल्या आठवड्यात बॉयलरचा दाब वाढला आणि त्याची खबर पडद्यावर यायला अकरा सेकंद लागले. थोडक्यात निभावलं. आज चार वाजता मॅनेजर पुन्हा चाचणी घेणार होते. परत उशीर झाला, तर यंत्रणा जाणार होती आणि निशिकांतही.

“नवी लाइन यायला तीन महिनं,” चाचा म्हणाले. “चाचणी आज हाय.”

“पण सगळ्यांची खबर हवीच ना? क्षणाक्षणाची.”

“बरं. मग ह्या खोलीतल्या एकेका वस्तूची खुशाली सांग. दारापासनं धर. ओळ मोडायची न्हाई.”

निशिकांतला हा पोरखेळ वाटला. पण गरजवंताला अक्कल नसते.

“दार, उघडं. पंखा, चालू. कपाट, कुलूप आहे. कॅलेंडर... मागच्या महिन्याचं.”

नवव्या वस्तूपाशी त्याची नजर शेगडीवर गेली. दूध वर येत होतं.

“चाचा, दूध...”

“त्येचा नंबर कितवा?”

“तिसावा असेल.”

“तुझा कितवा चाललाय?”

“नववा.”

“मग?”

“...टेबल, ठीक. खुर्ची, ठीक. स्टूल...”

दूध उतू गेलं. चाचांनी सावकाश शेगडी बंद केली आणि फडक्याने ओटा पुसायला घेतला.

निशिकांतला स्वतःची लाज वाटली. मग तो कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला, तो जेवायलासुद्धा उठला नाही. टाक्यांना मिनिटातून एकदाच विचारायचं. पंख्यांनी काही बदललं तरच बोलायचं. बॉयलरने मात्र केव्हाही, कुणालाही थांबवून.

चार वाजता मॅनेजर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. चाचांनी बॉयलरपाशी चाचणीचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, तेव्हा एक सेकंदही झाला नव्हता.

“ठीक आहे. राहू दे ही यंत्रणा,” म्हणून मॅनेजर गेले. निशिकांतचा जीव भांड्यात पडला. आठवडाभरात तो पहिल्यांदा मोकळा हसला.

पण जित्याची खोड.

“चाचा,” तो म्हणाला, “आता निम्म्याहून जास्त लाइन रिकामीच असते. आणखी शंभर यंत्रं सहज बसतील.”

चाचांनी पडद्याकडे पाहिलं...

“रिकामी कुठं हाय? ती जागा बॉयलरची. त्यो आत्ता बोलत न्हाई, एवढंच.”